मेरीलँडमध्ये ‘संग्राहक’ म्हणून नोंद: सवलत की पळवाट?

जुनी_नळी (जर्मनटाऊन, मेरीलँड)
आमच्या राज्यात १९९६ पासून नियम आहे: पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ३० दिवसांत एकच घ्यायचं. राज्य पोलिसांकडे अर्ज करून संग्राहक म्हणून नोंद झाली की ही महिन्याची अट सुटते. मी तो अर्ज गेल्या आठवड्यात भरला आणि मित्रांनी जेवता जेवता मला जवळजवळ तस्करच ठरवलं. म्हणून हा धागा.

माझ्याकडे १९१७ चं वेब्ली मार्क ६, म्हणजे ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर, आहे. अमेरिकेत आलेल्या बऱ्याच वेब्लींचं सिलिंडर मागून तासलेलं असतं, मूळ .४५५ ऐवजी अमेरिकेतली .४५ एसीपी काडतुसं बसावीत म्हणून. माझंही तसलंच, तासलेल्या कडेवर बोट फिरवलं की जीव हळहळतो. मार्चमध्ये एका वारलेल्या संग्राहकाच्या घरच्यांनी न तासलेलं, मूळ .४५५ चं वेब्ली आणि एक एनफिल्ड रिव्हॉल्व्हर विकायला काढलं. जोडीनेच द्यायचं होतं, महिनाभर थांबायला तयार नव्हते. दोन्ही गेली.

रॉकविलची_आई
दादा, तुमच्या वेब्लीशी माझं भांडण नाही. पण नियम कशासाठी आला? पात्र माणसाने ढिगाने घ्यायची आणि ज्याला दुकानात कुणी उभं करणार नाही त्याला विकायची, हे थांबावं म्हणून. आता संग्राहक कोण, तर स्वतःचा संग्रह वाढवायला वेळ आणि लक्ष देणारा. वेळ आणि लक्ष तर माझ्या सासूबाई पैठण्यांनाही देतात! यात जुनं शस्त्रच घ्यायचं असं कुठे आहे? ग्लॉकसारखं आजकालचं कोरं पिस्तूल घेतलं तरी संग्रहच.

जुनी_नळी
ताई, नोंद झाली म्हणून तपासणी चुकत नाही. प्रत्येक नगाचा अर्ज, ७ दिवस थांबणं. त्याआधी २०१३ च्या कायद्याचा पात्रता परवाना: ४ तासांचं प्रशिक्षण, बोटांचे ठसे. वर ५ कामकाजी दिवसांत एकाला दोन पिस्तुलं विकली तर डीलरने केंद्राच्या शस्त्रांवर नजर ठेवणाऱ्या खात्याला, एटीएफला, कळवायचं. ज्याला काळाबाजार करायचाय तो आपणहून पोलिसांच्या यादीत नाव घालेल?

रॉकविलची_आई
कळवतात ते विकून झाल्यावर. आणि ७ दिवस थांबून एकदम पाच मिळत असतील तर अडचण तीच राहिली ना?

कोर्टकचेरी
तुम्ही अपवादावर भांडताय, नियम तरी टिकणार आहे का? शेजारच्या व्हर्जिनियाने महिन्याला एकची अट १९९३ मध्ये आणली, २०१२ मध्ये काढली, २०२० मध्ये परत आणली. कॅलिफोर्नियाची तसलीच अट नवव्या सर्किटच्या (केंद्रीय अपील कोर्टांच्या एका विभागाच्या) कोर्टाने जून २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मेरीलँड चौथ्या सर्किटमध्ये, त्यामुळे तो निकाल तिथे बंधनकारक नाही. पण वारं कुठे वाहतंय ते दिसतंय.

पन्हाळकर
तुमचं वाचून हसावं की रडावं! आमच्याकडे भारतात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं. आजोबांची बारा बोअरची बंदूक ठेवायची म्हणून वडिलांनी दुसरी एक सोडली. महिन्याला एक काय, जन्मात दोन. जुनीनळीराव, तुम्ही सुखी आहात, गप्प बसा.

रॉकविलची_आई
माझं म्हणणं साधं आहे. केंद्राचा संग्राहक परवाना आहेच, ३ वर्षांना ३० डॉलर, मुख्यतः ५० वर्षांपुढच्या शस्त्रांसाठी. राज्याच्या सवलतीलाही वयाची तीच अट लावा. वेब्ली बसतं, ग्लॉक बाहेर.

जुनी_नळी
मला चालेल, खरंच. पण माझा एक मित्र १९८० नंतरचीच पिस्तुलं जमवतो, आणि अगदी सरळ माणूस आहे. त्याने काय करायचं?

रॉकविलची_आई
महिन्याला एक घ्यायचं. वर्षाची १२ होतात.

जुनी_नळी
हे त्याच्या बायकोला सांगू नका. अर्जाचं उत्तर आलं की इथेच लिहितो.