मदत हवी आहे: फेडोरावर ग्राफिक्स स्विचिंग स्क्रिप्टमधला ग्रबचा (बूटलोडरचा) पाथ

इंटेल + एनव्हिडिया लॅपटॉप, फेडोरा ४०, यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागचं फर्मवेअर). इंटिग्रेटेड, हायब्रिड आणि एनव्हिडिया असे मोड बदलणारी बॅश स्क्रिप्ट आहे, मूळ उबुंटूसाठीची. ती /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१ हा कर्नलचा पॅरामीटर घालते आणि अपडेट-ग्रब चालवते. फेडोरात ती कमांड नाही, म्हणून ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी लिहिलं. डिरेक्टरी नाही अशी एरर आली. /बूट/ग्रब बनवल्यावर एरर गेली, शेवटी 'डन' दिसतं, पण रीबूटनंतर /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये (बूट होताना कर्नलला मिळालेले पॅरामीटर तिथे दिसतात) पॅरामीटर नाहीच. यूईएफआय आहे म्हणून /बूट/ईएफआय/ईएफआय/फेडोरा/ग्रब.सीएफजी द्यायचा का?

प्रतिसाद १
तो पाथ अजिबात देऊ नका! फेडोरा ३४ पासून (२०२१) ती फाइल दोन-चार ओळींचीच असते: बूट पार्टिशन शोधायचं आणि तिथली ग्रब२/ग्रब.सीएफजी वाचायची. त्याआधीच्या लेखांत हाच पाथ सापडतो, घोळ तिथूनच होतो. चुकून ती फाइल बदलली गेलीच, तर ती आणि /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी दोन्ही काढून डीएनएफने (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) शिम-*, ग्रब२-ईएफआय-* आणि ग्रब२-कॉमन ही पॅकेजं रीइन्स्टॉल करा.

'डन' आलं कारण फाइल खरंच लिहिली गेली. फक्त ती कुणी वाचत नाही. /बूट/ग्रब मधली फाइल काढा, मग आरएमडीआयआरने ती रिकामी डिरेक्टरी. स्क्रिप्टने डिरेक्टरी कधीच बनवू नये. नसेल तर थांबावं, म्हणजे चूक लगेच दिसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फेडोरात कर्नलचे पॅरामीटर /बूट/लोडर/एन्ट्रीज मधल्या प्रत्येक कर्नलच्या .कॉन्फ फाइलमध्ये असतात. ते बदलायला ग्रबी ही कमांड वापरा:

सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज="एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१"

इंटिग्रेटेडवर परतताना --रिमूव्ह-आर्ग्ज विसरू नका.

प्रतिसाद २
स्क्रिप्टमध्ये डिस्ट्रोचं नाव तपासू नका, 'कमांड -व्ही' ने काय उपलब्ध आहे ते बघा. आधी ग्रबी, मग अपडेट-ग्रब, मग ग्रब२-एमकेकॉन्फिग (/बूट/ग्रब२, ओपनसुसेसाठी), शेवटी ग्रब-एमकेकॉन्फिग (/बूट/ग्रब, आर्चसाठी). मात्र सिस्टमडी-बूट (ग्रबऐवजी वापरला जाणारा बूटलोडर) असलेल्या मशीनवरही ग्रबचं पॅकेज पडून असू शकतं, म्हणून कुठला बूटलोडर आहे ते सगळ्यात आधी 'बूटसीटीएल स्टेटस' ने बघा. पॉप ओएसवर तर कर्नलस्टब वापरावं लागतं.

धागाकर्ता
ग्रबीने पॅरामीटर आला, खूप आभार. पण इंटिग्रेटेड मोडमध्ये मॉडप्रोब.डी त (मॉड्यूल लोड करण्याच्या सेटिंग्जची डिरेक्टरी) ब्लॅकलिस्ट असूनही एनव्हिडिया मॉड्यूल लोड होतंय.

प्रतिसाद १
इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) जुनीच मॉडप्रोब फाइल असणार. ब्लॅकलिस्ट लिहून झाल्यावर ती नव्याने बनवायला सुडो ड्रॅकट --फोर्स. हे फक्त चालू कर्नलसाठी होतं. सगळ्यांसाठी --रीजनरेट-ऑल जोडा. उबुंटूत अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू. रीबूट करून एलएसमॉड मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) एनव्हिडिया दिसतंय का ते इथे कळवा.