गुठळी काढल्यानंतरचा सीटी स्कॅन: आधी यंत्राने वाचावा का?

सदाफुली
मार्चमध्ये सासऱ्यांना (वय ७१) अर्धांगवायूचा झटका आला. पुण्यातल्या एका इस्पितळात मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढली. थोड्या वेळाने सीटी केला, तर संगणकाने तो आपणहून वाचून लाल चौकट टाकली: रक्तस्राव. डॉक्टरांनी अजून बघितलंही नव्हतं, पण दिराने मॉनिटरचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. गावी सासूबाईंनी देव पाण्यात घातले. तासाभराने डॉक्टर म्हणाले, "बहुतेक हा डाय आहे (वाहिन्या दिसाव्यात म्हणून गुठळी काढताना सोडलेला द्रव), रक्त नाही. उद्या परत बघू." दुसऱ्या दिवशी डाग गायब!
माझं मत: उपचाराआधीच्या सीटीला एआय जरूर वापरा. उपचारानंतरच्या सीटीवर मात्र माणसाची नजर पडेपर्यंत यंत्राचं उत्तर कुणालाच दिसू नये.

कोडवाला
ताई, सासरे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण एका चुकीवरून उत्तरच दडवायचं? आपल्या मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने डोक्याच्या ३,१३,३१८ सीटी स्कॅनवर केलेलं काम २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. देशातल्या सुमारे २० केंद्रांमधले स्कॅन. कवटीतला रक्तस्राव ओळखणं हे तर त्यातलं मुख्य काम. उद्या तो डाग खरंच रक्ताचा निघाला असता, तर हाच धागा 'यंत्राला कळलं होतं, मग आम्हाला का नाही सांगितलं' या नावाने आला असता.

निशाचर
रेडिओलॉजिस्ट आहे, रात्रपाळीवाला. कोडवाला, त्या पेपरच्या सारांशातच पुढे लिहिलंय की शस्त्रक्रियेनंतरचे स्कॅन आणि सात वर्षांखालच्या मुलांचे स्कॅन वगळले. लपवलं नाही, उघड सांगितलं, म्हणून त्यांच्याबद्दल आदरच आहे. गुठळी काढणं म्हणजे कवटी उघडणं नव्हे, हे कबूल. पण मुद्दा तोच. हात न लावलेल्या डोक्यावर शिकलेलं यंत्र हात लावलेल्या डोक्याला चालेलच असं नाही.

आता डायबद्दल. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. गुठळी काढताना सोडलेला आयोडिनचा डाय त्यातून पाझरतो आणि सीटीवर पांढरा दिसतो. ताजं रक्तही पांढरंच. डाय साधारण २४ ते ४८ तासांत विरतो, रक्त राहतं. ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगळ्या ताकदीच्या क्ष-किरणांनी बघणारं मशीन) असेल तर आयोडिन आणि रक्त तिथल्या तिथे वेगळं करता येतं, पण तसं मशीन किती ठिकाणी आहे? आणि कधीकधी एकाच डागात दोन्ही असतात. तेव्हा मीही 'उद्या बघू' म्हणतो.

खोट्या इशाऱ्याने फक्त घाबरगुंडी उडते असं नाही. त्याच वेळी मानेच्या धमनीत स्टेंट बसवला असेल आणि 'रक्तस्राव' वाचून कुणी गुठळ्या रोखणारं ॲस्पिरिन थांबवलं, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

तालुक्याचा डॉक्टर
तुमचं सगळं पटतं, पण हे कॅथलॅबवाल्या (नळी घालून गुठळी काढायची सोय असलेल्या) शहराचं दुखणं आहे. आमच्याकडे सीटी मशीन आहे, रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येतो. आम्ही गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो. त्या औषधाचा, अल्टेप्लेजचा, दहावा हिस्सा एकदम आणि उरलेला तासभर ड्रिपमधून. ड्रिप चालू असताना पेशंटचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, बीपी चढलं, की ड्रिप बंद आणि पळत सीटीला. रात्री दोन वाजता ती फिल्म कोण वाचणार? मी फिजिशियन. मोठा रक्तस्राव मला दिसतो, कवटीलगतची पातळ रेघ सुटू शकते. मोबाइलवर फोटो पाठवून चाळीस मिनिटं वाट बघितली आहे मी. शिवाय सगळं ठीक असलं तरी २४ तासांनी पुन्हा सीटी, आणि त्यात रक्त नाही म्हटल्यावरच ॲस्पिरिन. सदाफुलीताई, 'उपचारानंतर यंत्र नको' म्हणता, तो उपचार कुठला?

ढब्बू मिरची
एआयमधले नावाजलेले शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ साली म्हणाले होते, नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा. निशाचर अजून रात्रपाळी करतायत, यातच काय ते आलं :)
माझा प्रश्न सोपा. रिपोर्टखाली सही कुणाची? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एआयबद्दलच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाची देखरेख हवी असं आहे. मग लाल चौकट बघून ॲस्पिरिन थांबवलं आणि बिघडलं, तर नातेवाईक कुणाच्या केबिनबाहेर जमणार? संगणकाच्या नक्कीच नाही.

कोडवाला
सही डॉक्टरांचीच, त्यावर वाद नाही. पण चौकट दडवणं मला अजूनही मान्य नाही. डाय दिलाय एवढं यंत्राला कळवलं, की ते 'रक्तस्राव' ऐवजी 'रक्त किंवा डाय' असं लिहील. स्कॅनच्या फाइलमध्ये ती माहिती असतेच ना?

निशाचर
तिथेच तर गोम आहे. फाइलमध्ये कॉन्ट्रास्टची, म्हणजे डायची, जागा असते, पण ती सीटीच्या टेबलावर दिलेल्या डायसाठी. हा डाय तासाभरापूर्वी, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मशीनवर दिलेला. सीटीचा टेक्निशियन साधा स्कॅन करतो, ती जागा रिकामी राहते. यंत्राच्या लेखी हे कोरं डोकं. कॅथलॅबमधून ट्रॉली ढकलत आणणाऱ्या मामांना जे माहीत होतं, ते यंत्राला माहीत नव्हतं.
तालुक्याचे डॉक्टर, तुमच्या इंजेक्शनच्या पेशंटमध्ये ही भानगड नाही, कारण पाझरायला डायच फारसा नसतो. तिथे यंत्र लावा, माझी ना नाही. फक्त ते 'रक्त नाही' म्हणालं म्हणून फिल्म मिटवू नका. उलटी करणाऱ्या पेशंटवर जास्त विश्वास ठेवा.

तालुक्याचा डॉक्टर
मान्य. शहरातून गुठळी काढून परत आलेले पेशंटही आमच्याकडे सीटीला येतात. त्यांच्या मागणीपत्रावर 'डाय किती वाजता' हे लिहायला सिस्टरना सांगतो. यंत्र वाचणार नाही, पण पलीकडे रिपोर्ट देणारा वाचेल.

सदाफुली
इंजेक्शनवाल्यांचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, तेवढं मागे घेते. गुठळी काढलेल्यांच्या बाबतीत मात्र मत तेच. दिराला धाग्याची लिंक पाठवली आहे. निळी टिक आली, उत्तर नाही.