आण्णांच्या डायरीतल्या 'हिला आणायचं' जागा – आईला घेऊन जायचंय, कुठनं सुरुवात करू?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आण्णा गेल्या वर्षी ज्येष्ठात गेले. ६४ वय. सकाळी रंकाळ्याला फिरून आले, येताना नेहमीसारखं गंगावेशीतनं दूध आणलं, चप्पल काढली, पायरीवर टेकले ते टेकलेच. दुधाची किटली सांडली नव्हती, नीट बाजूला ठेवलेली. वर्षश्राद्ध मागच्या महिन्यात झालं.

उद्यमनगरात लेथवर होते ३५ वर्षं. आठवडाभर कानात मशीन आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर. आई म्हणायची ह्यांना घरात कोंडलं तर दार खांद्यावर घेऊन जातील. हिमालय वगैरे कधी नाही केला, सगळं आपलं आपल्या जिल्ह्यातलंच. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की ते बघायला, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाच्या पुढं गेली की पंचगंगा घाटाकडं, उन्हाळ्यात रांगणा किल्ला, आणि आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत. ते शेवटचं २२ वेळा केलं त्यांनी. खिंडीजवळ पोचले की चप्पल हातात घ्यायचे. १६६० साली बांदलांच्या पोरांनी इथं रक्त सांडलं आणि मी चिखल लागतो म्हणून बूट घालून जाऊ काय, असं म्हणायचे.

आई मात्र यात कधीच नाही. कारण आमची आजी ११ वर्षं अंथरुणाला खिळलेली, कुणीतरी घरी पाहिजेच. आण्णा पहाटे ४ ला उठून आजीचं सगळं आवरायचे, पाणी भरायचे, कणीक मळून ठेवायचे आणि मगच बाहेर पडायचे. संध्याकाळी ७ च्या आत घरात, पावनखिंडीचे दोन दिवस सोडले तर हा नियम कधी मोडला नाही. आणि रात्री जेवणं झाली की आई काज-बटणं करत बसायची (शिवणकाम करते ती) आणि आण्णा ओट्याला टेकून सगळं सांगायचे. कुठं वळलो, कुठं पाणी होतं, कुठल्या झाडाखाली भाकरी सोडली. खिशातनं करवंदं काढून तिच्या पुढ्यात ठेवायचे. आम्हा पोरांना लई कंटाळा यायचा, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आता मुद्दा. श्राद्धाच्या वेळी कपाट आवरताना त्यांच्या डायऱ्या सापडल्या, त्या दुकानदार दिवाळीला वाटतात तसल्या फुकटच्या. प्रत्येक फेरीची दोन-चार ओळींची नोंद, किती वाजता निघालो, एस्टीचं तिकीट किती. आणि काही जागांपुढं फक्त एवढंच, 'हिला आणायचं'. मी रात्रभर मोजत बसलो. १७ जागा. त्यातल्या दोनवरच बरोबरची खूण, जोतिबा आणि पन्हाळा. आजी गेल्यावर जाऊ म्हणत होते, तोवर आईचा उजवा गुडघा गेला.

तर प्रश्न असे. आई ६० ची, सपाटीला दीड-दोन किलोमीटर चालते, उतार तिला जमत नाही. मसाई पठार, राऊतवाडीचा धबधबा, दाजीपूर, पावनखिंड, बर्कीचा धबधबा, रांगणा या जागा यादीत आहेत. कुठनं सुरू करू? पावनखिंडीत गाडीनं कितपत जवळ जाता येतं?

दुसरं जरा खुळ्यासारखं आहे. आण्णांची काठी आहे, खाली पितळेची टोपी, त्यांनी स्वतः लेथवर काढलेली. आईला तीच काठी घेऊन जायचंय पण ती आण्णांच्या उंचीची, आईच्या कानापर्यंत येते. भाऊ म्हणतो वरनं कापूया. माझा हात होत नाही. काय करू?

(मुलगी आहे मी. 'बसलो' वाचून दादा म्हणू नका, कोल्हापूरची आहे, आमच्यात असंच बोलतात.)

सह्यभटका

दादा, पहिल्यांदा तुमच्या वडिलांना मुजरा. २२ वेळा म्हणजे चेष्टा नाही, ५० किलोमीटरच्या आसपासचं चालणं आहे ते आणि आषाढातला चिखल गुडघ्याएवढा.

आत्ता जुलैत आईंना घेऊन काहीच करू नका असं मी म्हणीन. मसाई पठार सोपं वाटतं कारण गाडी पठारापर्यंत जाते, पण या दिवसांत तिथं धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही, चांगले चांगले चकवा लागल्यागत गोल फिरतात. गणपती होऊ द्या. भाद्रपदात पाऊस उघडला की तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात, जमीन सपाट, तळ्यांत पाणी असतं. सुरुवात तिथनंच करा.

पावनखिंडीला मलकापूरवरून पांढरेपाणीकडनं जा. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, पण शेवटी खिंडीत उतरायचंच म्हटलं तर उतार आहे, तो पावसात निसरडा. वरनं बघून नमस्कार केला तरी चालतंय. रांगणा शेवटी ठेवा. पाटगाव, भटवाडी, पुढं चिक्केवाडी अशी वाट आहे, मध्ये ओढे लागतात आणि पावसाळ्यात ते कधी फुगतील सांगता येत नाही. कोरड्या दिवसांत जीप पुष्कळ आत जाते, मार्गशीर्षात बघा.

रंकाळाकाठ

दादा 😄 शेवटची ओळ वाचलीच नाही म्हणायची तुम्ही. असो, माहितीबद्दल खूप आभार, लिहून घेतलं सगळं.

सह्यभटका

आयला, सॉरी ताई. काठीचं वाचून तिथंच थांबलो बघा.

हिरवा_कोपरा

छान विचार आहे. माझी एक सूचना, वडिलांच्या स्मरणार्थ मसाई पठारावर ५१ झाडं लावा. आमच्या मंडळानं अशी एका टेकडीवर लावलीत, बोर्डपण लावलाय.

गवतफुला

हिरवा_कोपरा, हात जोडतो, पठारावर नको. तो जांभ्याचा सडा आहे, म्हणजे उघडा सपाट खडक, वर माती वीतभरसुद्धा नाही. तिथं झाड नाही म्हणून तो उजाड नाही हो, तिथलं गवत आणि ती बारकी फुलं हेच तिथलं जंगल. खड्डे काढून मोठी झाडं लावली की सावलीत ती सगळी जातात, आणि लावलेली झाडं उन्हाळ्यात वाळून जातात ते वेगळंच. ते संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालंय, उगाच कुणी खोरं घेऊन जाऊ नका.

रंकाळाकाठ, झाड लावायचंच असेल तर गावाकडं शेत असलं तर बांधावर लावा. जांभूळ, करंज, उंबर. आपल्याकडं आता बरीच जणं रक्षा नदीत न सोडता शेतात घालून त्यावरच झाड लावतात, मला ते पटतं. एकच लावा पण पहिले तीन उन्हाळे पाणी घाला.

पेठेतली_काकी

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नकोस बाळा.

आईला विचारलंस का? तिला खरंच जायचंय का तुम्हाला न्यायचंय? माझे मालक गेल्यावर पोरांनी मला सहा महिन्यांत गोव्याला नेलं, 'आई तुला जरा बदल'. मला कुठं काय पाहिजे होतं, मला घरातच बसून ह्यांचा शर्ट इस्त्री करायचा होता. समुद्राकडं तोंड करून बसले होते आणि मनात एकच, घराला कुलूप नीट लावलं का.

आणि दुसरं. ते वाचून तिला असंही वाटलं असेल की एवढं लिहून ठेवलं पण नेलं तर नाही. ते वाटलं असेल तर वाटू दे, लगेच समजूत घालायला जाऊ नकोस. 'आण्णांचं किती प्रेम होतं बघ' असं पोरांनी बायकोला सांगायची गरज नसते. तिला माहीत असतं, आणि राग पण असतो, दोन्ही एका वेळेला असतंय.

रंकाळाकाठ

काकी, राग कसला. खरं सांगू का, विचारलंच नव्हतं. डायरी मी तिला दाखवली, तिनं चष्मा लावून वाचली आणि नुसतं "हं" म्हणाली. मग दोन दिवसांनी काठी कोपऱ्यातनं काढून पुसत होती. तेच मी 'हो' धरून चाललो होतो. आज रात्री विचारतो.

दाजीपूरवाला

ताई, आमच्या बाजूचं मी सांगतो. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, आत्ता येऊन गेटवरनं परत जाल. पाऊस संपून उघडलं की या. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे हे, पहिल्यापासून गव्यांसाठीच राखलेलं. आत चालायची गरज नाही, जीपनं सावराई सड्यापर्यंत जाता येतं, आईंच्या गुडघ्याला त्रास नाही, धक्के मात्र बसतील, कमरेमागं उशी द्या.

गवा दिसलाच पाहिजे असं मनात धरून येऊ नका. दिसला तर एकदम पहाटे नाहीतर दिवस कलताना. पायाला पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो, त्याच्यावरनं ओळखा. आणि तो बघत उभा राहिला म्हणजे तो भ्यालाय असं समजून पुढं जाऊ नका, त्याला पाठ दाखवायची घाई नसते.

राऊतवाडी त्याच रस्त्याला, राधानगरीपासून जवळ. तिथं सुट्टीच्या दिवशी मुळीच नको, हुल्लडबाज लई असतात. मधल्या वारी सकाळी ८ च्या आत या, धबधबा रस्त्याजवळनंच दिसतो.

टर्नर_भाऊ

उशिरा बघितला धागा. मी पण उद्यमनगरातलाच, ४० वर्षं झाली चिप उडवतोय, त्यामुळं काठीवर मीच बोलणार.

कापू नका. वरनं पण नको, खालनं तर नकोच. खालनं कापली तर टोपी परत बसवायला लाकूड तासावं लागणार आणि त्यांनी जे फिटिंग काढलंय ते परत तसं येत नाही, तुम्ही ती टोपी हलवून बघा, हलते का? २२ पावसाळे खाऊन हलत नसेल तर त्या माणसाचा हात काय होता ते कळंल. वरनं कापायचं कारणच नाही. डोंगरात काठी उंच असली तर बिघडत नाही, धनगर बघितला का कधी, काठी डोक्याच्या वर असते त्याची. उतार उतरताना उंच काठीच बरी, आधी खाली टेकवायची मग पाय टाकायचा.

फक्त पकड खाली घ्या. आईंना सरळ उभं करा, कोपर काटकोनात आलं पाहिजे, तिथं खूण करा. त्या खुणेच्या वर-खाली चार-चार बोटं सुती दोरी घट्ट गुंडाळा, सुतळी नको, हाताला टोचते. दोरी ओली करून गुंडाळा, वाळली की आवळते. त्यांची पकड वर, आईंची खाली. झालं.

टोपी झिजली असली तर पाठवा, नवी काढून देतो. पैशाचं नाव काढू नका.

रंकाळाकाठ

टर्नर भाऊ, टोपी हलत नाही. एका बाजूनं झिजलीय, आण्णा उजवीकडं भार टाकायचे त्या बाजूनं. नवी नको, राहू दे. दोरीचं मात्र तुम्ही म्हणाला तसंच करतो.

काकी, विचारलं. म्हणाली, "गोव्याला न्यायचं नाही, तेवढं सांग त्या बाईंना."

रंकाळाकाठ (अडीच महिन्यांनी)

कुणाला आठवतोय का हा धागा? जाऊन आलो. मसाई पठार.

गणपतीनंतरच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, मी, भाऊ आणि आई. भावानं रजा टाकली. आईनं खर्डा-भाकरी बांधून घेतली, ऊन पडलं होतं, वारा एवढा की पदर खोचूनसुद्धा राहीना. फुलांबद्दल सह्यभटका बोलले ते खरं, खाली बघून चालायला लागतंय, पाय कुठं ठेवू असं होतं.

देवीचं दर्शन घेतलं आणि चालायला लागलो. आई पुढं, हातात काठी, खालच्या पकडीला धरलेली. भाऊ मोबाईलवर नकाशा बघत होता, रेंज येत-जात होती. तर आई म्हणाली, "आता डाव्या अंगाला राहायचं, पुढं तळं येईल." भाऊ म्हणाला, तुला काय माहीत, तू कधी आलीस? ती काही बोलली नाही. दोनशे-अडीचशे पावलं गेलो आणि तळं आलं. मग म्हणाली, "त्याच्या पलीकडं एक बसका दगड असेल, तिथं बसायचं, वारा लागत नाही." होता. बसका, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. रोज रात्री आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतो तेव्हा ही बाई बटणं लावत लावत सगळं ऐकून ठेवत होती.

दगडावर बसून भाकरी खाल्ली. आई म्हणाली, "ह्यांनी सांगितलं त्यापेक्षा तळं बारकं आहे." मग हसली जरा. मग परत म्हणाली, "वाढवूनच सांगायचे." गुडघा दुखला का विचारलं तर म्हणे दुखतोय, दुखू दे. खूण मात्र तिनं करू दिली नाही डायरीत, पेन आणलं होतं मी. म्हणाली ती वही त्यांची आहे, तू कशाला लिहितेस. घरी आल्यावर तिनं तिच्या हिशोबाच्या वहीत लिहिलं, पेट्रोल ५००, चहा ६०, मसाई.

दाजीपूरवाला, आता पाऊस संपला की तुमच्याकडं येतोय. राऊतवाडी त्याच दिवशी होईल का, का धबधब्याला तोवर पाणी राहत नाही? आणि उशी एक पुरेल का दोन?