मदत हवी आहे : पोर्तुगालमधील औषधाच्या दुकानात लक्षणे कशी सांगावीत?

नमस्कार.

नोकरीनिमित्त मी पोर्तुगालमध्ये ब्रागा येथे राहतो. सध्या आई-बाबा इथे आले असून आईला खोकल्याने बेजार केले आहे. घसा खवखवतो, खोकला कोरडाच आहे, रात्री पाठ टेकली की उबळ येते आणि संध्याकाळी अंगात कणकण असते. धाप लागत नाही, छातीतही दुखत नाही. तसे काही जाणवल्यास सरकारी आरोग्यसेवेच्या ८०८ २४ २४ २४ या क्रमांकावर फोन करायचा, हे घरात सांगून ठेवले आहे. त्यामुळे मला वैद्यकीय सल्ला नको आहे, फक्त भाषेची मदत हवी आहे.

हिरव्या क्रॉसची पाटी असलेली 'फार्मासिया' कोपऱ्यावरच आहे, परंतु तेथील बाईंचे इंग्रजी बेताचे आहे. आईला मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणजे साखर घातलेले सिरप नको आणि चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या ज्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, त्याही नकोत. खोकला खुणेने दाखवता येतो, मधुमेह कसा दाखवणार? पॅरासिटामॉलचे नाव इथेही तेच असल्याने तेवढी एक काळजी मिटली आहे.

मी पुढील वाक्ये जुळवली आहेत. 'अ मिन्या मांय तेंय तॉस सेका देझ्द दुमिंगु', म्हणजे आईला रविवारपासून कोरडा खोकला आहे. 'ए दियाबेतिका इ तॉमा उं कोंप्रिमीदु पारा अ तेंसांव', म्हणजे तिला मधुमेह आहे आणि ती रक्तदाबाची गोळी घेते. 'तेंय उं शरॉप सेंय असूकार?', म्हणजे बिनसाखरेचे सिरप आहे का?

ही वाक्ये बरोबर आहेत का, हे कृपया तपासावे. त्याशिवाय ताप नाही पण कणकण आहे, आडवे झाल्यावरच उबळ येते, आणि 'हे औषध रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का?' हे कसे विचारावे, तेही हवे आहे. औषध किती तासांनी आणि जेवणाआधी की नंतर घ्यायचे, याची उत्तरे कानावर कशी पडतील, हेही कोणी लिहिल्यास फार उपयोग होईल, कारण प्रश्न पाठ करता येतो, उत्तर मात्र समोरचा आपल्या वेगाने देतो.

ब्राझीलमध्ये राहिलेल्यांनी किंवा घरी पोर्तुगीज बोलणाऱ्या गोवेकरांनीही अवश्य लिहावे. फक्त पोर्तुगालमध्ये वेगळे म्हणत असल्यास तसे नमूद करावे. उच्चार देवनागरीतच द्यावेत, कारण मी कामावर असताना कागद घेऊन दुकानात बाबा एकटे जाणार आहेत.