कबूसला मराठीत काय म्हणाल? (गार्डचा डबा सोडून)

अर्धवट_अनुवादक:
मदत हवीये. अमेरिकेतल्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्याच्या आठवणींचा अनुवाद करतेय. त्यात दर दुसऱ्या पानावर कबूस येतो, म्हणजे मालगाडीच्या शेपटाला जो छोटा, बहुतेकदा लाल डबा असायचा ना, कंडक्टर (म्हणजे आपला गार्ड) आणि मागचे ब्रेकमन बसायचे तो. मी सरळ कबूस ठेवलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'गार्डचा डबा' केलं, तेही एकगठ्ठा, कंप्युटरला सांगून. आता हा माणूस पहिल्याच पानावर म्हणतो की आम्ही पाच भावंडं आणि मी घरातला कबूस. त्याचं झालंय "मी आमच्या घरातला गार्डचा डबा होतो." हसू नका.

सांधेवाला:
हसलोच. पण संपादकांचं चुकलं कुठे? माझे आजोबा मध्य रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, ते ब्रेकव्हॅन म्हणायचे आणि आम्ही पोरं गार्डचा डबा. लाल-हिरवा झेंडा, हातबत्ती, मागे लाल दिवा, शेवटचा डबा. अजून काय असतं कबूसमध्ये?

अर्धवट_अनुवादक:
चूल असते! माझा माणूस त्यात शेगडीवर बीन्स शिजवतो, कॉफी उकळतो, रात्री तिथेच बाकावर झोपतो, खिडकीला बायकोने शिवलेले पडदे आहेत. तेव्हा बऱ्याच कंपन्यांत एकेका कंडक्टरला स्वतःचा कबूस नेमून दिलेला असे, परगावी मुक्काम पडला तरी घर बरोबरच. तुमच्या आजोबांना रनिंग रूम, म्हणजे मुक्कामाला रेल्वेची खोली, होती ना? शिवाय कंडक्टर लिहिलं की वाचकाला एसटीचा कंडक्टर दिसतो, गळ्यात पैशाची पिशवी आणि हातात पंच. आणि यांचा इंजिनिअर म्हणजे आपला ड्रायव्हर. सगळाच गोंधळ.

हांबुर्गचा_मालवणी:
चूल तर असणारच, शब्दच चुलीचा आहे. कबूस मुळात जहाजावरचा, डेकवरचं स्वयंपाकाचं खोपटं. इंग्रजीत डच किंवा त्याच्या शेजारच्या उत्तर जर्मन बोलीतून आला असं मानतात. इकडे जर्मनीत आजही जहाजावरच्या स्वयंपाकघराला कोंब्यूझं म्हणतात आणि आफ्रिकान्समध्ये तर घरच्या स्वयंपाकघरालाही त्याच कुळातला शब्द आहे. माझं मत विचाराल तर 'रांधपाचो डबो', हाहा.

व्युत्पत्तीवेडा:
मला हे पटत नाही. कबूसच्या फोटोत छतावर ते खुराडं असतं बघा, काचा लावलेलं, त्यात माणूस बसून गाडी न्याहाळतो. अगदी कबुतरखाना! फारसी कबूतर > कबूस. माझं वैयक्तिक मत आहे, पुरावा मागू नये.

ट्रेनखुळा:
पुरावा मागत नाही, उलटा देतो. जहाजावरचा कबूस अठराव्या शतकातला. छतावरच्या खुराड्याची जी गोष्ट सांगतात ती १८६३ ची, आयोवातल्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या वॉटसन नावाच्या कंडक्टरची. त्याला तात्पुरता एक साधा डबा मिळाला होता, छताला भोक पडलेला, तो खोकी रचून वर चढला, डोकं बाहेर काढलं आणि अख्खी गाडी दिसली. दंतकथा असेल, पण शब्द आधी आणि खुराडं नंतर एवढं नक्की. बाकी खुद्द रेल्वेवाल्यांकडे कबूसला बरीच नावं होती, कुठे क्रमी म्हणजे कळकट, कुठे हॅक, कुठे वे-कार, कॅनडात नुसतं व्हॅन. मग अनुवादात एकच शब्द कशाला हवा?

आता वर जे पडदे आणि कॉफी चाललंय त्याबद्दल. ते घर बिर ठीक आहे पण मालगाडीवर मार बसायच्या जागांत ती वरच्या नंबरची. दोन डब्यांच्या मधल्या कपलिंगमध्ये थोडी ढील असते, शंभर डबे म्हटले की सगळी मिळून पुष्कळ होते, त्यामुळे पुढे इंजिन हळूच हललं तरी शेवटचा डबा आधी गप्प उभा असतो आणि मग एकदम हिसका खाऊन निघतो, आणि पुढे ब्रेक लागला की उलटा धक्का. उभा माणूस आडवा, खुराड्यातला खाली. म्हणून शेगडी जमिनीला बोल्टने ठोकलेली, तिला वर कठडा, जागोजागी धरायला दांडे. घाटात मागून ढकलायला इंजिन लावायचे तेव्हा लाकडी कबूस मधल्यामध्ये चेपले गेलेत, म्हणून पुढे खालचा सांगाडा पोलादी झाला.

सांधेवाला:
ढकलायचं इंजिन म्हणजे बँकर! कर्जतला लावतात, लोणावळ्याला काढतात. आजोबा सांगायचे की घाट चढताना पाठीशी बँकर असला की झोप लागायची नाही.

कल्याणी_काकू:
पण इतका धोका होता तर माणसं मागे बसवायचीच कशाला?

ट्रेनखुळा:
काकू, सुरुवातीला ब्रेकसाठी. इंजिनाने शिट्टी दिली की ब्रेकमन डब्यांच्या टपावरून चालत जाऊन एकेक चाक फिरवून ब्रेक आवळायचे, बर्फात सुद्धा. डबे जोडायला दोन डब्यांच्या मधे उभं राहून पिन टाकावी लागे, बोटं गेलेला ब्रेकमन म्हणजे अनुभवी ब्रेकमन असं म्हणत. अमेरिकेतल्या १८९३ च्या कायद्याने एअरब्रेक (हवेच्या दाबावरचे ब्रेक) आणि आपोआप जुळणारं कपलिंग सक्तीचं केलं, अंमल १९०० पासून. तरी कबूस राहिला कारण गाडी मधेच थांबली तर मागून येणारीला अडवायला कोणीतरी लाल बावटा नाहीतर कंदील घेऊन रुळावरून मागे पळत जायला लागे. आणि हॉटबॉक्स. आसाच्या टोकाचं तेल आटलं की ते तापून लाल होतं, धूर येतो, वळणावर मागून तो दिसतो, वास येतो. पुढे रोलर बेअरिंग आली, रुळाशेजारी ताप मोजणारी यंत्रं आली, आणि शेवटी फ्रेड. म्हणजे फ्लॅशिंग रिअर एंड डिव्हाइस, शेवटच्या कपलिंगला टांगलेली लुकलुकणारी पेटी, ब्रेकपाइपमधला (ब्रेकच्या हवेच्या नळीतला) दाब रेडिओवरून इंजिनाला कळवते. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने १९६९ मध्ये पहिल्यांदा लावली असं मानतात, १९८२ मध्ये युनियनशी करार झाला आणि मग कबूस भराभर गेले.

सांधेवाला:
पेटीला हॉटबॉक्सचा वास येतो का?

ट्रेनखुळा:
नाही येत. आणि सुरुवातीच्या पेट्या फक्त सांगायच्या, मागून ब्रेक मारता येत नव्हता. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काहोन घाटात ब्रेकपाइप मधेच चोंदला, मागच्या डब्यांना ब्रेक लागलाच नाही, गाडी उधळली, दोन माणसं गेली. १९९७ मध्ये घाटातल्या वगैरे गाड्यांना दोन्ही बाजूंनी बोलणारी पेटी, म्हणजे इंजिनातून मागचा ब्रेकही मारता येईल अशी, सक्तीची झाली. कबूसमध्ये ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असायचाच, माणसाने हात लांब केला की झालं. पण म्हणून रोज माणसं आपटायला मागे बसवायची का, हे मी तरी हो म्हणणार नाही.

टोरांटोकर:
इथे कॅनडात २०१३ मध्ये लॅक-मेगँटिक गावात रेल्वे अपघात झाला, तेलाच्या ७२ टाक्या, ४७ माणसं गेली. त्या गाडीत कबूस होता बरं का! पण पुढे, पहिल्या इंजिनामागे, रिमोट कंट्रोलची यंत्रं ठेवायला. अख्ख्या गाडीवर माणूस एक, तोही ड्युटी संपवून हॉटेलात झोपायला गेलेला. तेव्हा कबूस म्हणजे 'शेवटचा डबा' ही व्याख्याही गेली.

मराठीचा_कैवारी:
इतकी चर्चा आणि एकालाही मराठी शब्द सुचू नये! पुच्छयान. सुटसुटीत, अर्थवाही. सावरकरांनी महापौर दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

सांधेवाला:
पुच्छयानात बसून कोण बीन्स खाईल हो. त्यापेक्षा अंत्ययान म्हणा, रामनाम सत्य है.

हांबुर्गचा_मालवणी:
लोक स्वतः घडवतात तो शब्द टिकतो. वॅगनची वाघीण झाली, कुठल्या समितीने केली? आजही पेपरात 'मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या' येतं. कबूस पन्नास वर्षं मराठी माणसाच्या तोंडात राहिला असता तर काबूस, कापूस, काहीतरी झालंच असतं.

मराठीचा_कैवारी:
वाघीण हा भ्रष्ट शब्द आहे.

हांबुर्गचा_मालवणी:
तो मराठीतला सगळ्यात जिवंत शब्द आहे.

अर्धवट_अनुवादक:
माझ्या वाक्याचं काय??

कल्याणी_काकू:
अगं शेंडेफळ! पाचातलं शेवटचं म्हणजे शेंडेफळ. इतकं काय त्यात.

अर्धवट_अनुवादक:
काकू, तेच आधी लिहिलं होतं. पण पुढचं वाक्य आहे की घरात पुढे कुठेही काही झालं की सगळ्यात मोठा हिसका माझ्यापर्यंत यायचा. म्हणजे ट्रेनखुळा म्हणाले ती ढील. शेंडेफळ लाडावलेलं असतं हो, त्याला कोण हिसके देतंय? आणि कबूस ठेवला तर वाचकाला पहिल्याच पानावर हिसका कळत नाही.

सांधेवाला:
मग गार्डचा डबाच ठेवा, हिसका त्यालाही बसतो, आजोबांची कंबर साक्षीला आहे. फक्त २०२२ पासून गार्ड हे पदच गेलं, आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. "मी आमच्या घरातला ट्रेन मॅनेजरचा डबा होतो."

व्युत्पत्तीवेडा:
डबा पण नको, बोगी म्हणा.

ट्रेनखुळा:
बोगी म्हणजे डबा नव्हे!! बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी. हे मी शेवटचं सांगतोय.

व्युत्पत्तीवेडा:
अख्खा महाराष्ट्र डब्याला बोगी म्हणतो.

मराठीचा_कैवारी:
अख्खा महाराष्ट्र वाघीणही म्हणतो.

हांबुर्गचा_मालवणी:
हो ना, तेच तर म्हणतोय मी!