जर्मन शेफर्डचे पिल्लू जेवताना गुरगुरते, मदत हवी आहे

आमच्या घरी पाच महिन्यांचे जर्मन शेफर्ड जातीचे नर पिल्लू असून त्याचे वजन आताच १८ किलो झाले आहे. खेळताना हात धरणे, चावे घेणे हे दात बदलण्याच्या वयाचे लक्षण आहे, हे आम्ही समजू शकतो. परंतु गेल्या तीन आठवड्यांपासून तो जेवत असताना कोणी जवळ गेले की अंग ताठ करतो, भांड्यावर मान झुकवून गुरगुरतो आणि परवा तर माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातावर झेपावला. जखम झाली नाही, मात्र ती आता त्याच्या जवळ जायला घाबरते आणि याचे मला फार वाईट वाटते. तेव्हापासून त्याला आम्ही वेगळ्या खोलीत जेवू घालतो.

एका प्रशिक्षकांनी भांडे काढून घेऊन जरब बसवण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर गुरगुरणे उलट वाढले. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे आणि ती दडपली तर तो थेट चावेल, अशी मला भीती वाटते. दुरून चिकनचा तुकडा टाकत हळूहळू अंतर कमी करण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? किती दिवसांत फरक दिसला? घरात लहान मूल असताना कोणती काळजी घेतली? नाशिक परिसरात मारझोड न करता शिकवणारे प्रशिक्षक माहीत असल्यास कृपया कळवावे.