विषमता खर्चावरून मोजायची की उत्पन्नावरून? (इंदुरातल्या तिघांची चर्चा)

रामबागकर: जुलै 2025 मध्ये बातम्या झळकल्या की भारताचा गिनी 25.5, म्हणजे आपण जगातल्या सर्वांत समान देशांत. (गिनी हा विषमता मोजणारा आकडा: 0 म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाकडेच, काहीजण तोच 0 ते 1 लिहितात.) ही तुलनाच चूक आहे. आपला आकडा 2022-23 च्या घरखर्च पाहणीवरचा, रांगेतल्या अनेक देशांचा उत्पन्नावरचा. पाच इंदुरी घरं धरा. महिन्याचं उत्पन्न 10, 15, 20, 25 आणि 80 हजार: गिनी 0.40. त्याच घरांचा खर्च 9, 13, 16, 18, 34 हजार: गिनी 0.24. वरच्या घराची बचत प्लॉटमध्ये आणि म्युच्युअल फंडात जाते, खर्चात दिसतच नाही.

सियागंज: गणित बरोबर, पण इथे उत्पन्न विचारणार कसं? किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याचा गल्ला, उधारी, घरखर्च सगळं एकाच वहीत. तोटा झाला तर उत्पन्न उणे, आणि उणे आकडे शिरले की गिनी 1 च्याही वर जाऊ शकतो. खर्चाचं तसं नाही. धान्य, भाडं, शाळेची फी, एकेक बाब विचारता येते.

रामबागकर: दार उघडलं तर ना! बायपासच्या टाउनशिपमध्ये गेटवरूनच परत पाठवतात. 80 हजारवालं घर गळलं की उत्पन्नाचा गिनी 0.40 वरून 0.18. बदली म्हणून आणखी एक 25 हजारवालं घेतलं तर 0.17. पाहणी कागदावर पूर्ण, विषमता मात्र गायब.

सुदामानगर: अहो, तुम्ही दोघंही घरं मोजताय, माणसं नाही. 25 हजारांत सहाजण आणि 20 हजारांत दोघं असतील तर क्रमच उलटतो. आधी दरडोई काढा, मग चढत्या क्रमाने लावा आणि प्रत्येक घराला त्यातल्या माणसांइतकं वजन द्या. आणि पाल्मा का नको? वरच्या 10 टक्क्यांचा वाटा भागिले खालच्या 40 टक्क्यांचा. कुणालाही चटकन कळतो.

सियागंज: पाहणीतून गळतात ते हेच वरचे 10 टक्के. पाल्मा त्यांच्यावरच उभा, म्हणून गिनीपेक्षा जास्त फसेल.

रामबागकर: म्हणूनच वरचा भाग प्राप्तिकराच्या आकड्यांतून जोडायचा. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने तसं केलं, तर 2022-23 मध्ये वरच्या 1 टक्क्याकडे 22.6 टक्के उत्पन्न निघालं.

सियागंज: विवरणपत्र भरतात किती जण? माळव्यातल्या बड्या शेतकऱ्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, रोखीतला धंदा वेगळाच. खर्चाचा गिनी 'खर्चाचा' म्हणूनच छापावा आणि देशांची रांग लावू नये, इथवर तुमच्याशी सहमत. पण कराच्या आकड्यांवर बेतलेले ते 22.6 टक्के मी दशांशापर्यंत खरे धरणार नाही.